दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असताना परीक्षेत लेखनिक किंवा वाढीव वेळ कसा मागावा?

रानजाई

नमस्कार. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. तीन वर्षांपूर्वी झालेल्या अपघातात माझ्या उजव्या खांद्याजवळच्या नसांना इजा झाली. हात बराच सुधारला असला, तरी तास-सव्वा तास सलग लिहिले की अनामिका आणि करंगळी आखडतात, पेन अंगठा व मधले बोट यांच्यात कसेबसे धरावे लागते आणि उत्तरपत्रिकेची शेवटची पाने मलाच लागत नाहीत. गेल्या सत्रात दोन पेपरांमध्ये उत्तर येत असूनही एकेक प्रश्न सोडून द्यावा लागला. माझ्या प्रमाणपत्रावर ३० टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची नोंद आहे. कार्यालयात विचारले असता ‘४० टक्क्यांच्या खाली काहीही मिळत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. हे खरे आहे का? नसेल, तर अर्ज कोणाकडे आणि कसा करावा?

जुना_कारकून

आपल्याला दिलेले उत्तर चुकीचे आहे, आणि मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात बरीच वर्षे काम केलेले असल्यामुळे ते किती सहज दिले जाते हेही मला ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ४० टक्क्यांची अट आहे ती ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’साठी, म्हणजे उच्च शिक्षणातील किमान ५ टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी. परीक्षेतील वाजवी सोयी हा वेगळा विषय आहे. लेखन करताना हातात पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात असा निर्णय दिला की लेखनिकाची सोय लक्षणीय दिव्यांगत्वापुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर केंद्र शासनाने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यास अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

आता अर्जाविषयी. टक्केवारीच्या प्रमाणपत्राच्या जोडीला ‘लिहिण्यास अडचण आहे’ असे स्पष्ट नमूद करणारे शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात त्याची चौकशी करता येईल. अर्ज प्राचार्यांच्या नावे करून त्याची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना द्यावी. अर्जात ‘सवलत मिळावी’ एवढेच मोघम लिहू नये. किती वेळानंतर बोटे आखडतात, तीन तासांच्या पेपरात त्यामुळे काय राहून जाते आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, हे लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. तोंडी नकाराचा कोठेही पुरावा राहत नाही.

काजवा

माझी दृष्टी अधू आहे आणि पदवीचे सर्व पेपर मी लेखनिकाच्या मदतीने दिले आहेत, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: लेखनिक हवा की केवळ वाढीव वेळ पुरेसा आहे, हे आधी घरी ठरवा. वाढीव वेळ ताशी किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास असतो. विश्रांती घेत घेत चार तासांत आपण स्वतः पेपर पूर्ण करू शकत असाल, तर ते अधिक सोयीचे ठरेल, कारण तोंडी सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. माझा लेखनिक माझ्यापेक्षा खालच्या वर्गातला आणि विज्ञान शाखेचा होता. पहिल्या चाचणीत मी नुसते ‘मागणीचा वक्र काढ’ म्हणालो आणि तो थांबूनच राहिला. पुढे आम्ही ‘उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी, रेषा डावीकडून उजवीकडे उतरती’ अशा पद्धतीने आठ-दहा आकृत्यांचा सराव केला. अर्थशास्त्रात हा सराव टाळून चालणार नाही. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ लावून, दोन्ही प्रकारे एकेकदा लिहून पाहा.

रानजाई

दोघांचीही मनापासून आभारी आहे. या रविवारी दोन्ही प्रकारे लिहून पाहते. दोन शंका राहिल्या आहेत. अर्जाला उत्तरच आले नाही तर काय करावे? आणि वर्गातील सर्वांना हे कळेल, याचाही मला संकोच वाटतो.

जुना_कारकून

अर्ज परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या वेळीच द्या, म्हणजे पाठपुराव्याला वेळ राहील. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास पहिल्या अर्जाच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे आणि महाविद्यालयात समान संधी कक्ष असल्यास तेथेही प्रत द्यावी. तरीही दाद लागली नाही, तर दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार वर सांगितलेल्या २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ८० नुसार राज्य आयुक्तांना आहे. आपल्या राज्यात त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. संकोचाबद्दल म्हणाल, तर वैद्यकीय कागद वर्गशिक्षकांकडे न देता बंद पाकिटात थेट प्राचार्यांकडे द्या आणि बैठकव्यवस्था वेगळ्या खोलीत व्हावी, अशी विनंती त्याच अर्जात लिहा. इतरांचा पेपर तीन तासांनी सुटतो, तेव्हा मोठ्या वर्गात बाके सरकू लागतात आणि उत्तरपत्रिका गोळा होऊ लागतात. तुमचा एक तास तेव्हा उरलेला असेल, म्हणून वेगळी खोली त्यासाठीही हवी.