मदत हवी आहे: झेडएसएम-५ वापरलं की पॅरा-झायलीन समतोलापेक्षा जास्त कसं मिळतं?

सोलापूरहून विचारतेय. एम.एस्सी.ला आहे, झिओलाइट (बारीक छिद्रांचे स्फटिकमय पदार्थ, झेडएसएम-५ त्यातलंच एक) कॅटॅलिस्टवर सेमिनार द्यायचाय आणि एका जागी गाडी अडलीय.

झायलीनचे तीन समघटक (ऑर्थो, मेटा, पॅरा), रेणुसूत्र एकच, फक्त दोन मिथाइल गटांच्या जागा वेगळ्या. भाव पॅराला, कारण त्याचं टेरेफ्थॅलिक ॲसिड होतं आणि त्यातून पॉलिएस्टर. (इथे गणवेशांसाठी जे टेरिकॉट कापलं जातं, त्यातही तेच.) समतोलात पॅरा साधारण २४ टक्के, निम्मं मेटा. कॅटॅलिस्ट समतोल हलवत नाही, हे बारावीपासून घोकलंय. मग टोल्युइनपासून (एकच मिथाइल गट असलेलं, त्यातून झायलीन बनवतात) ८०-९० टक्के पॅरा मिळतं म्हणतात, ते कसं? सरांना विचारलं तर "शेप सिलेक्टिव्हिटी लिही" एवढंच.

प्रतिसाद १
दोन्ही खरं आहे, ताई. समतोल हलत नाही, तो गाठूच दिला जात नाही. झेडएसएम-५ ची छिद्रं साधारण ५.५ अँगस्ट्रॉमची. सडपातळ पॅरा त्यातून भराभर सटकतं. मेटा आणि ऑर्थो रुंद, ते आत अडकून पडतात आणि आम्लकेंद्रांवर (झिओलाइटमधल्या आम्लासारखं काम करणाऱ्या जागांवर) पुन्हा बदलत राहतात. बदलून पॅरा झालं की तेही बाहेर. खरी ग्यानबाची मेख स्फटिकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर: तिथल्या आम्लकेंद्रांवर निघालेलं पॅरा परत मेटा होतं. म्हणून त्यावर सिलिकाचा थर चढवून ती केंद्रं झाकतात. सेमिनारमध्ये हे सांगितलंस तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

मूळ धागालेखिका
आत्ता कुठे उजेड पडला! पण मग मेटाचं पॅरा करतानाही थर चढवलेलंच का वापरत नाहीत?

प्रतिसाद १
तिथे कच्चा मालच मेटा आणि ऑर्थो. ते छिद्रातून आत शिरायलाच वेळ घेतात, दार आणखी अरुंद केलं तर काम रखडतं. म्हणून समतोलावर समाधान मानायचं, पॅरा काढून घ्यायचं आणि उरलेलं परत रिॲक्टरमध्ये फिरवायचं. वेगळं करायला ऊर्ध्वपातन कुचकामी, पॅरा १३८ अंशांना उकळतं, मेटा १३९ ला. पण पॅरा १३ अंशांनाच गोठतं, त्यामुळे थंड करून स्फटिक काढता येतात. नाहीतर दुसऱ्या झिओलाइटवर अधिशोषण, म्हणजे पॅराला तेवढं धरून ठेवायचं.

प्रतिसाद २
पुण्याच्या एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) एन्सिलाइट विसरू नका. झायलीनसाठीचा हा आपला कॅटॅलिस्ट १९८०च्या दशकात वडोदऱ्याला आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत चालला. परीक्षक मराठी असले तर हमखास विचारतील.