कार्डावर वरचे दोन टक्के: दुकानदाराला मुभा असावी का?

गल्लेकर
कार्ड पुढे केलं की बिलावर दोन टक्के चढवणारा दुकानदार म्हणजे लुटारू, असं सरसकट बोललं जातं. जरा गल्ल्याच्या बाजूनेही बघा. क्रेडिट कार्डाचा एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे बँक दुकानदाराच्या पैशातून कापते ती रक्कम, साधारण दीड ते अडीच टक्के पडते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. याला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही. मोबाइलसारख्या मालात तीन-चार टक्के सुटले तरी पुष्कळ, त्यातले निम्मे बँक नेणार. ग्राहकाला मात्र रिवॉर्ड पॉइंट आणि महिना-दीड महिन्याची बिनव्याजी उधारी. हा खर्च भावातच मिसळला तर कार्डवाल्याच्या पॉइंटांचे पैसे रोखीने घेणाराही भरतो. म्हणून क्रेडिट कार्डापुरती, प्रत्यक्ष खर्चाइतकीच, दारात पाटी लावून वसुली करू द्या. खर्चाइतक्याच वसुलीचा नियम ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये केला.

बिलबघ्या
आणि त्याच ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने जुलै २०२५ मध्ये तो आकार बंदच करावा असा प्रस्ताव मांडला, तेही सांगा की. युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये तर साध्या ग्राहक कार्डांवरची अशी वसुली जानेवारी २०१८ पासून बंद आहे.

पण परदेश राहू दे. ‘क्रेडिट कार्डापुरती’ हे काउंटरवर पाळतं कोण? कार्ड कुठलं हे बघायच्या आधीच ‘दोन टक्के लागतील’ ऐकू येतं. डेबिट कार्डाचे दर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने बांधून दिलेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहारात २०० रुपयांच्या वर नाही. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये. रुपे डेबिट आणि खात्यातून थेट होणारं यूपीआय जानेवारी २०२० पासून शून्यावर.

आता सराफाकडे दोन लाखांचा दागिना डेबिट कार्डाने घ्या. बँक कापणार फार तर १,००० रुपये, वर जीएसटी. दोन टक्क्यांनी सराफ घेणार ४,०००. कार्ड रुपेचं असेल तर बँक कापणार शून्य, सराफ घेणार तेच ४,०००. याला खर्चाची वसुली म्हणायचं? वर डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारला जाणार नाही हे बँकांनी बघावं, असं त्याच परिपत्रकात स्पष्ट आहे. २०१३ मध्ये तर असा आकार घेणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत इथपर्यंत रिझर्व्ह बँक गेली होती.

हिशेबतपासनीस
क्रेडिट कार्डाबद्दल गल्लेकरांचं गणितही जमत नाही. ५०,००० चा मोबाइल, एमडीआर दोन टक्के धरा. दुकानदार वर १,००० लावतो आणि ५१,००० स्वाइप करतो. बँक कापते ५१,००० वर, म्हणजे १,०२०. (त्यावरचा १८३ रुपये ६० पैसे जीएसटी नियमित करदात्याला आपल्या करातून वजा करता येतो; कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला, तेही नाही.) वसूल केलेले १,००० हे जीएसटी कायद्याने मालाच्या किमतीचाच भाग, त्यामुळे मोबाइलच्या १८ टक्के दराने त्यातले १५२ रुपये ५४ पैसे सरकारचे. हाती राहिले ८४७ रुपये ४६ पैसे. म्हणजे बिलात प्रामाणिकपणे दाखवलं तर दुकानदार तरीही १७२ रुपयांनी खाली. म्हणूनच बहुतेक जण ते बिलात दाखवत नाहीत: बिल ५०,००० चं, स्वाइप ५१,००० ची. मग तो वाद सेवा आकाराचा राहत नाही, थेट करचुकवेगिरीचा होतो.

दुसरी अडचण एमआरपीची. पाकीटबंद माल छापील किमतीला विकून वर टक्के लावले की ती एमआरपीपेक्षा जास्त दराने विक्री झाली. तिथे मशीन, बँक, करार काही मधे येत नाही, वजनमापं आणि छापील किंमत तपासणारं वैधमापन खातंच कारवाई करू शकतं.

गल्लेकर
डेबिटवर दोन टक्के घेणाऱ्याची बाजू मी घेत नाही, ते चूकच. पण सरकारी खिडकीला वेगळा न्याय का? आयआरसीटीसी ऑनलाइन तिकिटावर सुविधा शुल्क घेते: यूपीआयने भरलं तर बिगर-एसीला १० आणि एसीला २० रुपये, बाकी मार्गांनी १५ आणि ३०, वर जीएसटी. पैसे कसे भरता त्यावर दर बदलतोच ना? पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाला एक टक्का इंधन अधिभार लागतो, तो कार्ड देणारी बँक ठरावीक रकमेच्या बिलांनाच परत देते. तिथे कोणी पंपवाल्याला लुटारू म्हणत नाही.

बिलबघ्या
रेल्वेचा आकार ठरावीक रुपयांत आणि आधी जाहीर केलेला आहे. दोन लाखांच्या खरेदीवर तो चार हजार होत नाही. पण तुमचा मुद्दा अगदीच निकामी नाही. पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर किंमत फुगवणं, ज्याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात, ते नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलंय. हे वेबसाइटला लागू, तर काउंटरवर पिन दाबायच्या क्षणी ‘दोन टक्के’ सांगणाऱ्याला तोच नियम हवा.

हिशेबतपासनीस
दुकानदाराला कायदेशीर वाट आहे आणि ती सोपी आहे. मालाच्या टॅगवर कार्डाने घेणाऱ्याला पडणारी किंमत लिहा, रोख किंवा यूपीआयला सूट द्या. सूट बिलातच वेगळ्या ओळीत आली तर जीएसटी सूट वजा जाता रकमेवर बसतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, दंड घेतलेल्या रकमेइतका असतो. आणि यूपीआयची सूट देताना गिऱ्हाईक यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डातून पैसे देत नाही ना ते बघा. लहान दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंत ते फुकट आहे, पण मोठ्या रकमेला कपात होते आणि सूटही जाते.

गल्लेकर
कागदावर छान. बाजारात टॅग ५१,००० चा दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, कारण तिथे पाटी ५०,००० ची. सगळ्यांना सक्ती केली तरच हे चालेल.

नवखा
ज्यांच्याकडून आधीच डेबिट कार्डावर दोन टक्के घेतलेत त्यांनी काय करायचं?

बिलबघ्या
बिल आणि मशीनची चार्जस्लिप दोन्ही ठेवा. रकमेतला फरक हाच पुरावा. तक्रार आपल्या कार्डाच्या बँकेकडे केली की ती तिथेच फिरत राहते. स्लिपच्या डोक्यावर छापलेली बँक मशीनवाली, तिच्याकडे लेखी करा आणि स्लिपवरचे एमआयडी (दुकानाचा) आणि टीआयडी (मशीनचा) क्रमांक द्या, म्हणजे दुकान लगेच सापडतं. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तो दुकानदाराला हात लावत नाही, बँकेने दुकानाशी केलेला करार पाळून घेतला का एवढंच तपासतो. दुकानाविरुद्ध १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, स्लिपचा फोटो आजच काढा.