मदत हवी आहे: कारखान्यात एनर्जी कल्चर मोजायचं कसं? (अर्जंट)

वाळूजकर_27
शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय. बायरकडून (आमचा माल घेणारी कंपनी) आलंय की कामगारांची विजेबद्दलची सवय, जाणीव, सगळं तपासा. मी 25 प्रश्नांचा फॉर्म काढला, वाटला, तर सगळ्यांनी सगळीकडं 'होय'. 'काम नसताना मशीन बंद करता का' होय, 'वीज वाचवावी वाटते का' होय. आता ह्यातून काय लिहू? कुणाकडं तयार फॉरमॅट असेल तर टाका प्लीज.

सूतवाला परभणी
युनिट कसलंय ते तरी सांगा. गिरणी का गारमेंट? आमच्याकडं सगळ्यात जास्त वीज रिंग फ्रेम (सूत कातायच्या मशीन) खातात, त्या तिन्ही पाळ्या चालूच, तिथं कामगाराच्या हातात फारसं काही नसतं.

जालना सोलर
शेडवर पॅनल टाका, प्रश्नच मिटला.

फिटरमामा
पॅनल टाकून काँप्रेसरच्या लाइनीतली गळकी हवा थांबती का हो? 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचं भोक म्हणजे 3 किलोवॅटच्या आसपास गेले, रात्रंदिवस. रविवारी सगळं बंद असताना एकटा काँप्रेसर चालवा, किती मिनिटं लोड (हवा भरतोय) अन् किती मिनिटं अनलोड (नुसताच फिरतोय) ते घड्याळ लावून लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, तेवढी हवा गळायली. अन् मग विचारा, फुसफुस ऐकून कुणी सांगितलं होतं का, सांगितलं तर कुणी केलं का. हेच कल्चर.

जालना सोलर
मामा, गळती काढा की, नाही कोण म्हणतंय, पण विजेच्या युनिटचा दर?

अभ्यासू_लातूर
एसी 24 वर ठेवा. 2020 पासून स्टार लेबलवाल्या नव्या रूम एसीचं डिफॉल्टच 24 आहे.

वाळूजकर_27
एसी नाहीये आमच्याकडं. गारमेंट आहे, 180 मशीन, जुन्या क्लच मोटरी, इस्त्रीला बॉयलर.

शिलाईवाली
मी लाइनवर 9 वर्षं काढली म्हणून विचारते, फॉर्मवर नाव लिहायला लावलं का? अन् गोळा कुणी केले? क्लच मोटर पायडल सोडलं तरी फिरतच राहती, गुडघ्याला तिची गरम हवा लागायची मला. बंद केली की सुपरवायझर लगेच, मशीन का बंद, टार्गेट कोण करणार. मग कोण करतंय बंद? तुमच्या बायांना सगळं कळतंय, त्यांना बंद करायची परवानगी आहे का तेवढं विचारा.

सूतवाला परभणी
ताईंचं बरोबर. सर्व्हो मोटर लावा, शिवतानाच वीज घेती.

फिटरमामा
मोटर बदलली म्हणून कल्चर बदललं असं नसतंय. इस्त्रीचे स्टीम ट्रॅप (वाफेच्या लाइनीतलं पाणी काढणारे व्हॉल्व्ह) गळायलेत का तेही बगा.

नांदेडचा
तुमच्याकडं जागा आहे का हो? भाऊ आयटीआय झालाय, इलेक्ट्रिशियन.

वाळूजकर_27
नाव होतं ताई. अन् सुपरवायझरनंच गोळा केले, ते सांगायचं राहिलं. आज जेवणाच्या सुट्टीत मेन पॅनलपाशी उभा राहिलो, काम चालू असताना 58 किलोवॅट, सगळ्या बाया डबे खायला गेल्यावर 34. आत जाऊन पाहिलं तर रिकाम्या लाइनी घुमायल्या होत्या. उद्या बिननावाचे फॉर्म, 6 प्रश्न, पेटीत टाकायचे. पहिला प्रश्न ताईंचाच ठेवतो. नांदेडकर, एचआरला विचारून सांगतो.