मेक अप : थोडी भर

इंग्रजीतल्या ‘मेक अप’चे सहसा तीन अर्थ सांगितले जातात: रंगरंगोटी, थाप मारणे आणि भांडण मिटवणे. त्यात ‘मिळून बनणे’ हवाच. अकरा खेळाडू मिळून संघ होतो, तेव्हा इलेव्हन प्लेयर्स मेक अप अ टीम. इथे समानार्थी म्हणून ‘कॉन्स्टिट्यूट’ चालतो, ‘कम्प्राइझ’ (म्हणजे अमुक घटकांचं बनलेलं असणे) नाही. कम्प्राइझचा कर्ता पूर्ण वस्तू असते, मेक अपचा कर्ता तिचे घटक. कोशात दोन्ही शेजारी दिसले की घोळ होतो, आणि वर्तमानपत्रवालेही यात सर्रास घसरतात.

थाप मारण्याच्या अर्थाला ‘इन्व्हेंट’, ‘कन्कॉक्ट’, ‘फॅब्रिकेट’ असे समानार्थी शब्द सुचवले जातात. बरोबर आहेत, पण वजन सारखं नाही. मुलाला झोपवताना आई गोष्ट रचते, ते मेक अप. तिथे फॅब्रिकेट म्हटलं तर बिचारीवर खोटा पुरावा तयार केल्याचा आळ येईल!

खरी गंमत पुढच्या शब्दयोगी अव्ययात आहे. ‘मेक अप विथ हर’ म्हणजे तिच्याशी समेट. ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ म्हणजे वाया गेलेला वेळ भरून काढणे. आणि ‘आय विल मेक इट अप टु यू’ म्हणजे तुझ्या बाबतीत जे चुकलं, त्याची भरपाई करीन. क्रियापद एकच, पण विथ, फॉर, टु बदलला की अर्थ पार पालटतो. त्यामुळे ‘मेक अप’ नुसतं पाठ करू नका, शेपटासकट करा. मन पक्कं करण्याचं ‘मेक अप युवर माइंड’ सगळ्यांना येतंच, ते सोडून देतो.