पिंग जातं, एसएसएच अडकतं: आधी एमटीयू तपासा

एकाच होस्टवरच्या (प्रत्यक्ष सर्व्हरवरच्या) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नीट बोलतात, पण दोन वेगळ्या होस्टवरच्या व्हीएममध्ये पिंग जाऊनही एसएसएच (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अडकतं, हे लक्षण वाचून फायरवॉलच्या मागे लागू नका. लिनक्सच्या पिंगमध्ये जेमतेम ५६ बाइटचा डेटा असतो, म्हणून ते सुटतं. एसएसएचच्या सुरुवातीच्या ‘की एक्स्चेंज’चं (किल्ल्या ठरवण्याचं) पाकीट मात्र एमटीयूपेक्षा, म्हणजे नेटवर्क एका पाकिटात नेऊ शकतं त्या कमाल बाइटपेक्षा, मोठं होतं आणि वाटेतच पडतं.

वेगवेगळ्या होस्टवरच्या व्हीएमना टनेलने जोडणारं व्हीएक्सलॅन प्रत्येक पाकिटावर ५० बाइट चढवतं. आत, व्हीएमना, १५०० चा एमटीयू हवा असेल तर खालच्या नेटवर्कला किमान १५५० लागतात. १६०० ठेवलेले बरे. खात्रीसाठी होस्टवरून समोरच्या होस्टच्या टनेल आयपीला, फ्रॅगमेंटेशन (पाकिटाचे तुकडे करणं) बंद ठेवून, १५२२ बाइटचं पिंग करा (आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ धरून १५५०). १४७२ गेलं आणि १५२२ अडलं, की दोष सापडला.

एमटीयू फिजिकल कार्ड, बाँड (एकत्र जोडलेली कार्डं), ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच) आणि स्विचचा पोर्ट, सगळीकडे वाढवा. हमखास विसरतो तो स्विच! तो हातात नसेल तर व्हीएमना डीएचसीपीच्या (आपोआप आयपी देणाऱ्या सेवेच्या) २६ नंबरच्या ऑप्शनमधून १४५० चा एमटीयू द्या. स्टॅटिक आयपीवाल्या व्हीएममध्ये ते हातानेच घालावं लागेल.