टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर निवडताना कशाला महत्त्व द्यावे?

प्रश्न

नमस्कार. आमचा पाच जणांचा वाद्यवृंद आहे आणि त्याच्या ध्वनिसंयोजनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवर आम्ही बारा चॅनेलचा ॲनालॉग मिक्सर वापरत आलो. तो रंगमंचाच्या कडेला ठेवावा लागतो, कारण सभागृहाच्या मध्यापर्यंत जाड मल्टिकोअर केबल (अनेक तारा एकत्र असलेली) टाकायला प्रत्येक ठिकाणी परवानगी आणि वेळ मिळत नाही. परिणामी श्रोत्यांना नेमके काय ऐकू येते आहे, हे मला अंदाजानेच ठरवावे लागते. मध्यंतरात मागच्या रांगेत जाऊन ऐकले की गायकाचा आवाज दबलेला असल्याचे लक्षात येते आणि तोवर अर्धा कार्यक्रम संपलेला असतो.

म्हणून रंगमंचावर ठेवता येईल आणि टॅबलेट हातात घेऊन सभागृहात फिरत चालवता येईल असा मिक्सर घ्यावा असे ठरवले आहे. बेरिंजरचा एक्सआर 18, साउंडक्राफ्टचा यूआय 24 आर आणि ॲलन अँड हीथचा सीक्यू 18 टी ही तीन नावे समोर आहेत. तिन्हींची माहितीपत्रके वाचली, परंतु त्यांतील इफेक्ट्सच्या लांबलचक यादीवरून निर्णय कसा करावा हे उमगत नाही. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कोणत्या गोष्टीला अधिक महत्त्व द्यावे ते सांगितल्यास आभारी राहीन. बिनतारी जोडणी कार्यक्रमाच्या मध्येच तुटली तर काय, ही माझी सर्वांत मोठी भीती आहे.

पहिले उत्तर

इफेक्ट्सची यादी तूर्त बाजूला ठेवा. आज या वर्गातल्या कोणत्याही मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनेलला पुरेसा इक्वलायझर, गेट आणि कॉम्प्रेसर (आवाज घडवण्याच्या सोयी) मिळतो; त्याबाबतीत आपली अडचण होणार नाही. अडचण होते ती मागच्या बाजूला केबल लावायला जागा उरली नाही म्हणजे. तेव्हा एक कोरा कागद घ्या आणि आपल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात रंगमंचावरून किती तारा येतात ते लिहून काढा. उदाहरणार्थ, ड्रम्सला चार माइक, बास गिटारला एक डीआय बॉक्स (वाद्याची तार थेट मिक्सरला जोडता यावी म्हणून मध्ये लावायची पेटी), इलेक्ट्रिक गिटारसमोर एक माइक, अकूस्टिक गिटारला एक डीआय बॉक्स, कीबोर्डच्या दोन तारा, गायनाचे चार माइक, निवेदनाचा एक आणि लॅपटॉपच्या दोन तारा धरल्या तर सोळा होतात. पाच जणांचा वाद्यवृंद सोळा तारा वापरतो, हे कागदावर लिहीपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

येथे नावातील आकड्यावर विसंबू नये. एक्सआर 18 मध्ये माइकसाठीची प्रीअँप (माइकचा क्षीण संदेश वाढवणारी मंडले) सोळा आहेत आणि उरलेल्या दोन जागा लाइन पातळीच्या, म्हणजे लॅपटॉपसारख्या उपकरणांच्या मुळातच जोरकस संदेशासाठी आहेत. लॅपटॉप तेथे लावला तर वरच्या यादीतील बाकी चौदा तारा माइकच्या जागांवर बसतात. त्याच मालिकेतील एक्सआर 16 मध्ये मात्र माइकची प्रीअँप आठच आहेत. यूआय 24 आर मध्ये माइकच्या जागा वीस आहेत, तर सीक्यू 18 टी मध्ये माइक आणि लाइन दोन्ही घेणाऱ्या सोळा.

दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या तारांची, आणि माझ्या मते निवड खऱ्या अर्थाने तेथेच होते. पाच कलाकारांना प्रत्येकी वेगळा मॉनिटर (रंगमंचावर स्वतःला ऐकण्याचा स्पीकर) द्यायचा झाल्यास पाच ऑक्स, म्हणजे मुख्य आवाजाहून वेगळे मिश्रण बाहेर पाठवण्याच्या पाच वाटा लागतात. एक्सआर 18 मध्ये सहा आहेत, म्हणजे काम भागते. परंतु उद्या कलाकारांनी कानात घालायचे मॉनिटर घेतले आणि ते स्टीरिओ हवे झाले, तर प्रत्येकी दोन ऑक्स खर्ची पडतात आणि सहा ऑक्समध्ये तिघांचीच सोय होते. आज आपली ती गरज नसेलही. तरीही पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून मोजणी करावी, कारण चॅनेल कमी पडले तर छोटा ॲनालॉग मिक्सर जोडून वेळ मारून नेता येते, ऑक्स कमी पडले तर तसा सोपा उपाय नाही.

दुसरे उत्तर

वरील मोजणीशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्या मुख्य भीतीबद्दल अनुभवाने सांगतो. मिक्सरच्या आतच बसवलेल्या वाय-फायवर मी एक कार्यक्रम चालवायला घेतला होता. दुपारी रिकाम्या सभागृहात साउंड चेक झाला तेव्हा शेवटच्या रांगेतूनही सर्व काही विनाअडथळा चालत होते. संध्याकाळी सभागृह भरले आणि दुसऱ्याच गाण्यात टॅबलेटची जोडणी तुटली. त्याच वेळी एका माइकमधून शिट्टी येऊ लागली होती आणि पडद्यावरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) मी कितीही खाली ओढला तरी मिक्सरपर्यंत काहीच पोहोचत नव्हते. धावत रंगमंचापर्यंत जाऊन ती तार काढेपर्यंतचा वेळ मी विसरू शकलेलो नाही.

असे का होते ते समजून घेतले तर उपाय अवघड नाही. अंतर्गत वाय-फायची अँटेना लहान असते आणि मिक्सर सहसा रंगमंचावर जमिनीलगत, इतर उपकरणांच्या गर्दीत ठेवलेला असतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, म्हणजे 1, 6 आणि 11. त्यांतच श्रोत्यांचे शेकडो फोन, ब्लूटूथ आणि सभागृहाचे स्वतःचे वाय-फाय यांची दाटी होते. शिवाय माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि या लहरी ते शोषून घेते. रिकाम्या सभागृहातील चाचणी म्हणूनच फसवी ठरते. एक्सआर 18 चे अंतर्गत वाय-फाय केवळ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते. यूआय 24 आर मध्ये 5 गिगाहर्ट्झचीही सोय आहे, तरी अँटेना जमिनीलगत असण्याची अडचण तेथेही राहतेच.

तेव्हा मिक्सर कोणताही घ्या, त्याच्यासोबत दोन्ही पट्ट्यांवर चालणारा स्वतंत्र राउटर घ्या आणि तो मिक्सरला इथरनेट केबलने जोडा. त्या राउटरला इंटरनेटची मुळीच गरज नाही. तो माइकच्या स्टँडवर, उभ्या माणसाच्या डोक्याहून वर बसवा, म्हणजे आपण आणि राउटर यांच्यामध्ये गर्दीची भिंत उभी राहणार नाही. टॅबलेट 5 गिगाहर्ट्झवर जोडा. भिंतीपलीकडे हा पट्टा कमी पोहोचतो, पण एकाच दालनात काम करायचे असल्याने ते येथे आड येत नाही, आणि त्यात मोकळी चॅनेल पुष्कळ मिळतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक टॅबलेट आणि फोन इंटरनेट नसलेले वाय-फाय निरुपयोगी समजून ते आपोआप सोडतात आणि मोबाइल डेटावर किंवा ओळखीच्या दुसऱ्या वाय-फायवर उडी मारतात. मिक्सरला दोष दिला जाणाऱ्या कित्येक प्रसंगांचे मूळ यातच असते. टॅबलेटला विमान मोडमध्ये टाकून फक्त वाय-फाय चालू करावे, जुनी साठवलेली वाय-फायची नावे काढून टाकावीत आणि पडदा आपोआप बंद होण्याची सोय थांबवावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कागदावर मोजणी केली तेव्हा आमच्या तारा चौदा भरल्या. मी आजवर दहा समजत होतो. पाच मॉनिटर हवेत हेही निश्चित झाले. आता एकच विचारतो. राउटर लावूनही जोडणी तुटलीच, तर त्या क्षणी आवाजाचे काय होते? आणि प्रत्यक्ष फेडर नसल्याची उणीव किती जाणवते?

तिसरे उत्तर

जोडणी तुटल्याने आवाज बंद पडत नाही. ध्वनीवरची सर्व प्रक्रिया मिक्सरच्या आत चालते, टॅबलेट केवळ त्याला सूचना देतो. म्हणून शेवटची जी मांडणी असेल तिच्यावर कार्यक्रम पुढे चालू राहतो. धोका एवढाच की त्या अवधीत आपल्याला काही बदलता येत नाही. याकरिता राउटरलाच इथरनेट केबलने एक लॅपटॉप जोडून रंगमंचाच्या बाजूला नियंत्रणाचा पडदा उघडा ठेवावा, आणि मुख्य आवाज कमी कसा करायचा एवढे तरी तेथील एका सहकाऱ्याला दाखवून ठेवावे. यूआय 24 आर ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे हाताशी असेल तो लॅपटॉप किंवा फोन काही न बसवता वापरता येतो. आणीबाणीच्या वेळी याचे मोल फार आहे. सीक्यू 18 टी वर सात इंची स्पर्शपडदा आणि फिरवायची बटणे आहेत, म्हणजे टॅबलेट पूर्ण बंद पडला तरी मिक्सरपाशी जाऊन काम करता येते. माझा स्वतःचा कल अशा मिक्सरकडे आहे, कारण एकट्या माणसाला दोन-दोन उपकरणे सांभाळण्यापेक्षा जागेवर हात लावता येणारी एक गोष्ट असलेली बरी.

फेडरची उणीव जाणवते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रत्यक्ष फेडरवर बोटे ठेवून नजर गायकाकडे लावता येते. टॅबलेटवर नजर पडद्यावरच खिळते. मी मुख्य गायक, सहगायक, ड्रम्स आणि उरलेली वाद्ये असे चार डीसीए गट (एका फेडरने अनेक चॅनेल एकत्र वर-खाली करण्याची सोय) करून ते एकाच पानावर ठेवतो आणि गाणे चालू असताना शक्यतो त्या पानाबाहेर जात नाही. त्याने नजर मोकळी राहते. उघड्या मैदानावर ऊन असेल तर पडदा दिसत नाही आणि टॅबलेट तापून बंदही पडू शकतो, म्हणून त्याच्यावर सावलीची सोय करावी.

मिक्सरचे आयुष्य टॅबलेटपेक्षा मोठे असते, याचाही विचार करावा. मॅकीचा डीएल 1608 हा 2012 साली आला तेव्हा त्यात आयपॅड सरकवून बसवायची खाच होती आणि ती 30 पिनच्या जोडासाठी घडवलेली होती. त्याच वर्षी ॲपलने आयपॅडवर तो जोड बदलून लाइटनिंग आणला. विशिष्ट टॅबलेटच्या आकारावर किंवा एकाच प्रकारच्या ॲपवर अवलंबून असलेली वस्तू घेताना हे उदाहरण मी डोळ्यांसमोर ठेवतो.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून पुन्हा

विजेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून जोड देतो. ॲनालॉग मिक्सरची वीज क्षणभर गेली तर आवाज क्षणभरच जातो. डिजिटल मिक्सर मात्र संगणकासारखा पुन्हा सुरू होतो, राउटरही सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ सभागृह शांत राहते. मिक्सर आणि राउटर या दोघांपुरता लहान यूपीएस सोबत ठेवाच.

गेनची, म्हणजे माइकचा संदेश मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा याची सवयही बदलावी लागेल. डिजिटलमध्ये शून्य डीबीएफएस (डिजिटल पातळीची कमाल मर्यादा) ओलांडले की आवाज एकदम फाटतो, ॲनालॉगसारखी सवलत मिळत नाही. म्हणून सरासरी पातळी उणे 18 च्या आसपास ठेवावी. साउंड चेकनंतर गेनला हात लावू नये, कारण तो बदलला की मुख्य स्पीकरबरोबर पाचही कलाकारांचे मॉनिटर बदलतात.

प्रश्नकर्ता

आपल्या सर्वांच्या उत्तरांनी प्रश्नच बदलला. चौदा तारा आणि पाच मॉनिटर तिन्ही मिक्सरमध्ये बसतात, तेव्हा निर्णय जोडणी तुटल्यावरच्या सोयीवर करायचा असे ठरवले. मी बहुतेक वेळा एकटाच असतो आणि रंगमंचापाशी लॅपटॉप सांभाळायला कोणी नसते, म्हणून सीक्यू 18 टी घेत आहे. त्यासोबत स्वतंत्र राउटर, उंच स्टँड आणि यूपीएस. पहिल्या कार्यक्रमाआधीच्या तालमीत गाणे चालू असताना राउटरची वायर मुद्दाम काढून पाहीन आणि मागच्या रांगेपासून मिक्सरपर्यंत पोहोचून मुख्य आवाज खाली आणायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजीन. जो आकडा येईल तो येथे लिहीन.