मामा तलावांचा पैसा ठेकेदाराला की गावाला?

धानपट्टा
मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) दुरुस्त करायला पैसा आला की ठरलेलं काम: पोकलेन लावा, गाळ उपसा, फोटो काढा. नागपुरात बसून आराखडे करणाऱ्यांना तलाव म्हणजे नुसता खड्डा वाटतो. रामटेक-मौद्यापासून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंतच्या या तलावांत कोहळी समाजाची बांधणी आहे, ढिवर समाजाची मासेमारी आहे आणि पाळीखाली (तलावाच्या मातीच्या बांधाखाली) धान आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी) गेली, तलाव सरकारजमा झाले. राखणदारी मात्र कोणाच्याच अंगावर पडली नाही. माझं म्हणणं: पैसा ग्रामसभा आणि मच्छीमार संस्थेच्या संयुक्त खात्यात टाका.

कारण साधं आहे. ठेकेदाराला बिल ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मिळतं, म्हणून तो गाडी लागेल तिथे खणतो, म्हणजे पाळीच्या पायथ्याशी. नेमकं तिथेच खणायचं नसतं, पाळ खचते. शिवाय तळाची चिकणमाती फोडून मुरूम लागला की तलाव पाझरतो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो. (मुरूम कुठे जातो, ते सगळ्यांना ठाऊक आहे.) गाळ नेणारा शेतकरीच असेल तर तो काळं तेवढं नेतो, मुरूम त्याच्या कामाचा नाही.

आकडे बघा. एक हेक्टरवर ३० सेंटीमीटर गाळ म्हणजे ३,००० घनमीटर, साधारण १,०६० ब्रास. जागा होते ३० लाख लिटर पाण्याची. धानाला एका वेळी ७ सेंटीमीटर पाणी धरलं तर कागदावर दहा एकर भिजतात, पाटातली गळती वजा केली तर सात-आठ.

ओव्हरसियर
गाळापर्यंत ठीक आहे भाऊ, पण तलाव म्हणजे गाळ नाही. तुडूम (शेताला पाणी सोडायचं दार) आणि सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) गावाच्या भरवशावर सोडायचा नसतो. जुना तुडूम काढून सिमेंटचा पाइप टाकतात, तेव्हा पाइपाभोवती चिकणमाती १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी, ओलावा बघून ठोकावी लागते, मधे काँक्रीटच्या कॉलर द्याव्या लागतात. घाईत एकदम भर लोटली की पाणी पाइपाच्या अंगाने वाट काढतं. आधी नितळ झिरपतं, मग गढूळ येतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहतेय. तेव्हा सही कोणाची? सरपंचाची?

दुसरं, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी बांधतात. पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा येऊन ती बुजते, पाणी चढतं आणि पाळीवरून जातं. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर रेतीच्या बोऱ्या रचणं हा त्याचाच भाऊ. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी गेलं की तिचं काही खरं नसतं.

बोटुकली
दोघंही पाणी मोजताय, तलावात जगतं काय ते कोणी बोलत नाही.

बेशरम ही काठावर माजणारी झुडपं घ्या. जेसीबीने तिचे तुकडे केले की ओल्या गाळात प्रत्येक तुकडा फुटतो, पुढच्या वर्षी दुप्पट. ती एप्रिल-मे मध्ये कुदळीने मुळासकट काढून पाळीबाहेर उन्हात वाळवावी लागते. मग काठाची उथळ जमीन एकदा नांगरायची आणि पहिल्या पावसानंतर गुडघाभर पाण्यात दुसऱ्या तलावातल्या पाणवनस्पतींच्या जुड्या चिखलाच्या गोळ्यात धरून रोवायच्या. उशीर झाला तर पाणी खोल आणि गढूळ होतं, खाली उजेड पोचत नाही, जुडी सडते. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजातल्या बायकांच्या गटांनी हे काम करून दाखवलंय. तिथे गवत्या मासा मात्र सोडायचा नाही, लावलेलं सगळं तोच चरतो.

बीजाचंही तसंच. लहान तलावात हेक्टरी ५,००० च्या आसपास, ८-१० सेंटीमीटरची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं). स्वस्त पडतं म्हणून जिरे (नुकतीच फुटलेली बारीक पिल्लं) टाकले तर मरळ या शिकारी माशाची मेजवानी होते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग तोंड उघडायचं, तेही सकाळी. भर दुपारी थेट ओतली की संध्याकाळी काठाला पांढरं पोट दिसतं. यातलं कोणतं काम ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात बसतं?

पण धानपट्टा, संस्था म्हणजे देव नाही. मासेमारीचा ठेका संस्थेच्या नावावर आणि जाळं व्यापाऱ्याचं, असंही चालतं. संयुक्त खातं काढून ते थांबत नाही.

बर्फपेटी
व्यापारी येतो कारण तो मे महिन्यात उचल (आगाऊ रक्कम) देतो. उचल घेतली की भाव तोच ठरवणार. नागपूरच्या बाजारात आंध्रची बर्फातली रोहू-कतला गाडीने उतरते, तिच्याशी भावात झुंजून उपयोग नाही. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेतात, म्हणून ड्रममध्ये थोड्या पाण्यात, ओल्या पोत्याखाली जिवंत आणता येतात. जिवंत मासळीचा भाव वेगळा. मात्र एका तलावाच्या ४०-५० किलोसाठी साठ किलोमीटर गाडी परवडत नाही. चार-पाच गावांनी एकाच दिवशी मासे काढले, तर एकच गाडी भरते. बाकी मासळीला उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा, तिथे काटकसर केली की कल्ले काळे पडतात. माझं मत विचाराल तर पहिला पैसा उचल फेडायला द्या, पोकलेन नंतर.

ओव्हरसियर
उचल फेडायला सरकारी निधी? लेखापरीक्षणात कोण उत्तर देणार, राजे?

धानपट्टा
तुडूम-सांडव्याबद्दल ओव्हरसियरचं मान्य. ते काम जिल्हा परिषदेच्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावं, बाकीचं गावाकडे. पण एक गोष्ट अभियंताही ठरवू शकत नाही. धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) शेतकरी तुडूम तळापर्यंत उघडतो आणि माशाला मे महिन्यापर्यंत तीन-चार फूट पाणी लागतं. तुडुमाजवळच्या खांबावर लाल रेघ मारायची, त्याखाली पाणी सोडायचं नाही. रेघ कुठे मारायची ते कामाआधी शेतकरी आणि ढिवर दोघांच्या सह्यांनी ठरवायचं. सह्या नाहीत तर निधीचा हप्ता नाही.

बोटुकली
दुष्काळाच्या साली ती रेघ कोण मानतंय? गाळ नेणाऱ्याचं धान वाळत असताना ढिवराने तुडुमावर बसायचं का? कोरड्या सालासाठी दुसरी, खालची रेघ आत्ताच मारा आणि ती लागू झाली तर संस्थेची त्या वर्षीची ठेक्याची रक्कम माफ, हेही त्याच कागदावर लिहा.

ओव्हरसियर
ठेक्याची रक्कम माफ करायचा अधिकार ग्रामसभेला आहे का, आधी ते बघा.